पापणी कापली, तर डोळा मिटतो कसा?

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. सांगलीत राहते. गेली काही वर्षं माझ्या वरच्या पापण्यांची कातडी सैल पडून खाली उतरली आहे. संध्याकाळी वाचायला बसलं की भुवया वर ताणून धराव्या लागतात आणि थोड्या वेळाने कपाळ दुखायला लागतं. भेटेल तो विचारतो, ‘बाई, झोप झाली नाही का?’ मुलाचं लग्न ठरलंय. होणाऱ्या सुनेच्या मावशींनी पुण्यात पापण्यांची सर्जरी करून घेतली आहे, त्या म्हणतात, ‘लग्नाआधी तुम्हीही उरकून घ्या.’ मला मात्र एक कोडं सुटत नाही. पापणीची कातडी कापून काढतात म्हणे. मग त्यानंतर डोळा पूर्ण मिटतो कसा? आणि माझ्या वयाला हे करावं का?

उत्तर : बाई, तुम्ही विचारलेला प्रश्न या शस्त्रक्रियेच्या मुळाशी आहे. बहुतेक जण ‘किती तरुण दिसेन?’ असं विचारतात. तुम्ही डोळा मिटेल का, हे विचारलंत. त्याचं सरळ उत्तर असं : डोळा मिटतो, कारण मिटण्यासाठी जेवढी कातडी लागते तेवढी मोजून आधी बाजूला राखायची असते आणि त्याहून जास्त असेल तेवढीच काढायची असते. हे मोजमाप चुकलं तर डोळा खरोखरच मिटत नाही. म्हणून या शस्त्रक्रियेत किती काढलं यापेक्षा किती ठेवलं, याला जास्त महत्त्व आहे.

पापणीची रचना समजून घेतली की हे लक्षात येईल. पापणीची त्वचा आपल्या शरीरातली सर्वांत पातळ त्वचा. तिची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. तिच्याखाली डोळ्याभोवती गोल फिरणारा स्नायू आहे, तो डोळा मिटवतो. डोळा उघडणारा स्नायू वेगळा. तो खोबणीच्या आतून, पार मागून येतो आणि वरच्या पापणीला उचलून धरतो. या दोन्हींच्या मध्ये एक पातळ पडदा आणि त्यामागे चरबीचे कप्पे. वरच्या पापणीत दोन, खालच्या पापणीत तीन. वरच्या पापणीत बाहेरच्या कोपऱ्याकडे, जिथे तिसरा कप्पा असेल असं वाटावं, तिथे अश्रुग्रंथी असते. ती चरबी समजून कापली गेली तर डोळा कोरडा पडतो. इतक्याशा जागेत इतकं सगळं दाटीवाटीने बसलेलं आहे.

पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटते आणि दरवेळी अश्रूंचा थर बुबुळावर सारखा पसरवते. झोपेत ती डोळा झाकून ठेवते. बुबुळ उघडं राहिलं तर ते सुकतं, त्याला जखम होते आणि नजर अधू होऊ शकते. पापणी आधी डोळ्याचं झाकण आहे, शोभा नंतर. सर्जन कितीही नावाजलेला असो, हा क्रम बदलत नाही.

मोजतात कसं?

निम्मी शस्त्रक्रिया सुरी हातात घेण्याआधीच होते. तुम्हाला ताठ बसवतात, कारण आडवं झाल्यावर कातडी मागे सरकते आणि अंदाज चुकतो. बारीक टोकाच्या पेनने पापणीच्या नैसर्गिक घडीवर पहिली रेघ काढतात. स्त्रियांमध्ये ही घडी पापणीच्या केसांपासून साधारण ८ ते १० मिलिमीटरवर असते, पुरुषांत थोडी खाली. मग डोळे हलकेच मिटायला सांगतात आणि बोथट चिमट्याने वरची सैल कातडी हळूहळू चिमटीत घेतात. पापणीचे केस जरासे वर वळू लागले, पण डोळा उघडला नाही, तिथे थांबतात आणि दुसरी रेघ काढतात. शेवटी पट्टी लावून पाहतात : भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहायला हवी. दोन रेघांच्या मधला तुकडा जाईल, बाकीचं राहील. या रेघा ओढायला घाई न करणारा सर्जन तुम्हाला मिळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पापणीवर शस्त्र चालवताना काय राखायचं याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पक्ष्मकोप’ या विकारावर, म्हणजे पापणीचे केस आत वळून डोळ्याला घासतात त्यावर, शस्त्रकर्म सांगितलं आहे. भुवईखाली दोन भाग आणि केसांच्या वर एक भाग सोडून, मधली यवाच्या आकाराची कातडी काढायची आणि केसाने टाके घालायचे. काढायच्या तुकड्याच्या आकाराबरोबर सोडायच्या जागेचं प्रमाणही तिथे दिलेलं आहे. तो उपचार सौंदर्यासाठी नव्हता, डोळा वाचवण्यासाठी होता. आजच्या शस्त्रक्रियेला ‘ब्लेफॅरोप्लास्टी’ म्हणतात. हे नाव १८१८ साली जर्मन शल्यविशारद कार्ल फर्डिनांड फोन ग्रेफे यांनी वापरलं, तेही कर्करोगामुळे गेलेली पापणी पुन्हा घडवण्याच्या संदर्भात. आता हीच शस्त्रक्रिया रूपासाठी इतकी होते, की सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, ‘इसॅप्स’च्या, २०२४च्या आकडेवारीत तिने लायपोसक्शनलाही मागे टाकून जगात पहिला क्रमांक घेतला. वर्षाला २१ लाखांहून जास्त शस्त्रक्रिया.

नेमकं काय खाली आलंय?

‘पापणी उतरली’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यामागे निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. आरशासमोर, खिडकीच्या उजेडात उभ्या राहा, कपाळ अगदी सैल सोडा आणि पाहा.

पहिली शक्यता म्हणजे फक्त कातडी सैल झाली आहे. पापणीची कड जागच्या जागी आहे, पण घडी तिच्यावर लोंबते, विशेषतः बाहेरच्या बाजूला. ब्लेफॅरोप्लास्टीचा खरा उपयोग इथे होतो.

दुसरी शक्यता, पापणीची कडच खाली आली आहे. बुबुळाच्या मध्यावर उजेडाचा जो ठिपका चमकतो, त्यापासून पापणीची कड साधारण ४ ते ५ मिलिमीटर वर असते. ती त्या ठिपक्याच्या जवळ आली असेल तर पापणी उचलणारा स्नायू सैल झाला आहे. याला ‘टोसिस’ म्हणतात. नुसती कातडी काढून टोसिस जात नाही. तो स्नायू घट्ट करावा लागतो. वर्षानुवर्षं हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांतही हे आढळतं.

तिसरी, भुवई खाली आली आहे. बोटाने भुवई तिच्या जागी उचलल्यावर पापणी मोकळी दिसू लागली, तर मूळ दुखणं भुवईचं. अशा वेळी पापणीची कातडी काढली तर भुवई आणखी खाली ओढली जाते आणि चेहरा त्रासिक दिसतो. तुम्ही वाचताना भुवया ताणून धरता असं लिहिलंय, म्हणून तुमच्या बाबतीत हे जरूर तपासायला हवं. शस्त्रक्रियेनंतर ताणण्याची गरज उरत नाही, कपाळ सैल पडतं आणि भुवई थोडी उतरते. याचा हिशेब आधी केला नसेल तर निकाल फसतो.

चौथी, ती सूज आहे. सकाळी फुगलेल्या आणि दुपारपर्यंत ओसरणाऱ्या पापण्या थायरॉइडकडे, मूत्रपिंडाकडे किंवा ॲलर्जीकडे बोट दाखवतात. तिथे आधी रक्त-लघवीची तपासणी, सर्जरी नाही.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. पापणी एकाएकी खाली आली, सोबत दोन-दोन दिसू लागलं, एका डोळ्याची बाहुली मोठी झाली किंवा डोकं असह्य दुखू लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा. हे मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याचं लक्षण असू शकतं. सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड, असा रोज बदल होत असेल तर मायस्थेनिया नावाचा स्नायूंचा विकार तपासून घ्यावा लागतो.

आधीची तपासणी

तुमच्या वयाच्या स्त्रियांमध्ये डोळे कोरडे असणं फार सामान्य आहे. डोळ्यात खडे खुपल्यासारखं वाटतं, वाऱ्यावर पाणी येतं, चुरचुरतं. असे डोळे शस्त्रक्रियेनंतर जास्त कोरडे पडतात. म्हणून खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती ओली होते हे पाहणारी चाचणी करून घ्या. डोळे मिटल्यावर बुबुळ वर वळतं का, हेही पाहतात. ते निसर्गाने दिलेलं संरक्षण आहे. लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया, झाली असेल तर निदान सहा महिने जाऊ द्यायचे. थायरॉइडमुळे डोळे पुढे आले असतील तर तो आजार सहा महिने तरी स्थिर राहिल्याशिवाय पापणीला हात लावत नाहीत.

तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या तर सांगायच्याच. शिवाय फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढेही. यातल्या काहींमुळे रक्त जास्त वाहतं. पण हृदयात स्टेंट असलेल्यांनी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात हवीच.

त्या दिवशी आणि त्यानंतर

काजळ, पावडर, क्रीम काहीही न लावता जायचं. बहुतेकदा जागेपुरती भूल देतात. इंजेक्शनची चुरचुर जाणवते, पुढे दुखत नाही. तुम्ही जाग्या असता, कारण मधेच ‘डोळे उघडा, मिटा’ असं सांगून दोन्ही बाजू जुळवून पाहता येतात. वरच्या दोन पापण्यांना तासभर लागतो आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. टाके पाच ते सात दिवसांनी काढतात. व्रण नैसर्गिक घडीत लपतो. जखमेवर जाड गाठ, म्हणजे केलॉइड, उठण्याची भीती अनेकांना वाटते. पापणीवर ती क्वचितच उठते.

पहिले दोन दिवस बर्फाने शेकायचं, पण बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवायचं. खाली वाकून केर काढणं, बादली उचलणं, जोराने नाक शिंकरणं बंद. काळंनिळं दोन आठवड्यांत ओसरतं. सुरुवातीचे काही दिवस झोपेत डोळा किंचित उघडा राहू शकतो. त्यासाठी मलम देतात. तो उघडेपणा सुजेमुळे असतो आणि सुजेबरोबर जातो. महिन्यानेही तो गेला नाही, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

पहिल्या चोवीस तासांत घरात कुणीतरी सोबत हवं. डोळ्यात भयंकर कळा, डोळा बाहेर ढकलला गेल्यासारखा वाटणं, दिसणं कमी होणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. डोळ्यामागे रक्त साठून नजरेच्या नसेवर दाब येतो तेव्हा असं होतं. हे साधारण दोन हजारांत एखाद्याला होतं आणि त्यातून नजर कायमची जाणं त्याहूनही दुर्मीळ. पण वेळेत दाब मोकळा केला तरच नजर वाचते. रात्री दोन वाजता कोणता नंबर लावायचा, हे शस्त्रक्रियेआधीच लिहून घ्या.

बाकीचे धोके म्हणजे कोरडेपणा, दोन्ही डोळ्यांत थोडा फरक आणि जास्त कातडी काढली गेल्याने न मिटणारा डोळा. कमी काढली गेली तर सहा महिन्यांनी आणखी थोडी काढता येते. जास्त काढली गेली तर दुसरीकडची कातडी आणून कलम करावी लागते आणि ती कधीच पहिल्यासारखी दिसत नाही. म्हणून ‘अगदी टाईट करा, पुन्हा यायला नको’ असा आग्रह कधीही धरू नका.

तुम्ही करावं का?

वय आड येत नाही. तुमच्या वर्णनावरून त्रास दिसण्यापुरता नाही, बघण्याचाही आहे. आधी नेत्रतज्ज्ञांकडे जा. पापण्या जशा आहेत तशा ठेवून आणि मग चिकटपट्टीने वर उचलून, अशी दोनदा दृष्टिक्षेत्राची चाचणी करतात. वरच्या बाजूचं दिसणं पट्टीने बरंच सुधारलं, तर शस्त्रक्रियेला वैद्यकीय कारण आहे. आणि समजा तसं नसलं, तरी आरशात थकलेला चेहरा दिसू नये असं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलाच्या लग्नात आईने प्रसन्न दिसावं, ही इच्छा अगदी रास्त आहे.

तारखेची घाई मात्र करू नका. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. लग्नाला तीन महिने असतील तर जमेल, सहा आठवडे असतील तर सूज-व्रण थोडे दिसतील, त्याहून कमी असतील तर लग्नानंतर करा. सर्जनकडे जाताना तुमच्या पस्तिशीतला फोटो घेऊन जा. तुमची पापणी मुळात कशी होती हे त्यावरून कळतं आणि दुसऱ्या कुणाचे डोळे तुमच्या चेहऱ्यावर येत नाहीत.

प्रश्न : वय २४, ठाणे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत. सर्जरीने जातील का? आणि कोरियन मालिकांमधल्या नट्यांसारखे डोळे आपल्याकडे करून मिळतात का?

उत्तर : काळी वर्तुळं सर्जरीने सहसा जात नाहीत. हातात आरसा घ्या आणि चेहरा छताकडे करून वरून सरळ उजेड पडू द्या. काळेपणा नाहीसा झाला तर ती सावली आहे. खालच्या पापणीतली चरबी पुढे आल्याने किंवा तिच्याखाली खळगा पडल्याने दिसते. काळेपणा तसाच राहिला तर तो त्वचेतला रंग आहे. भारतीय त्वचेत हा रंग बऱ्याचदा घराण्यातून येतो आणि ॲलर्जीने सतत डोळे चोळल्यावर वाढतो. रंगावर त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार, सनस्क्रीन आणि चोळण्याची सवय सोडणं. चरबीच्या सावलीवर सर्जरी आहे : पापणीच्या आतून छेद घेऊन चरबी कमी करतात किंवा खळग्यात पसरवतात, बाहेर व्रण राहत नाही. पण खालची पापणी नाजूक असते. बाहेरून कातडी जास्त काढली तर ती खाली ओढली जाते आणि डोळ्याचा पांढरा भाग उघडा पडतो. चोविसाव्या वर्षी तर काढण्यासारखी कातडी बहुधा नसतेच.

कोरियातली प्रसिद्ध शस्त्रक्रिया वेगळी आहे. पूर्व आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या वरच्या पापणीला घडी नसते. तिथे ती टाक्यांनी किंवा छेदाने तयार करतात. जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरांनी ती १८९६ मध्येच नोंदवली होती. तुमच्या पापणीला घडी आधीच असेल, तर ही शस्त्रक्रिया तुमच्यासाठी नाही. तुमचे डोळे जसे आहेत तसेच पुरेसे सुंदर आहेत, असं एखादा सर्जन म्हणाला आणि त्याने तुम्हाला परत पाठवलं, तर तो सर्जन लक्षात ठेवा. पुढे कधी गरज पडली तर त्याच्याकडेच जा.

प्रश्न : पापण्यांची सर्जरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे करावी की प्लास्टिक सर्जनकडे? मेडिक्लेममध्ये बसते का? वय ५४, छत्रपती संभाजीनगर.

उत्तर : दोघेही करतात. नेत्रतज्ज्ञ असतील तर त्यांनी नेत्रशल्यचिकित्सेतल्या ‘ऑक्युलोप्लास्टी’चं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असावं. प्लास्टिक सर्जन असतील तर एमसीएच किंवा डीएनबी ही प्लास्टिक सर्जरीतली पदवी असावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहा. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा स्पामध्ये पापणीला सुई-सुरी लावून घेऊ नका, कितीही सवलत देवोत. तुमच्यासारख्या पापण्यांचे आधीचे-नंतरचे फोटो मागा आणि त्यांत डोळे मिटलेले फोटोही मागा. उघड्या डोळ्यांचे सगळेच दाखवतात. डोळे तपासल्याशिवाय, कोरडेपणा मोजल्याशिवाय पहिल्या भेटीत शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्यांकडून उठून या.

रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया विमा नियामक ‘इर्डाई’च्या ठरलेल्या नियमांनुसार मेडिक्लेममधून वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांचा अपवाद आहे. तुमची पापणी नजरेच्या आड येत असेल तर दृष्टिक्षेत्र चाचणीचा अहवाल, फोटो आणि डॉक्टरांचं पत्र जोडून विमा कंपनीची मंजुरी आधीच, लेखी मिळवा. तोंडी ‘हो’वर विसंबू नका. बिलावर निदान काय लिहिलं जाणार, हेही विचारून घ्या. कागदांत ‘कॉस्मेटिक’ एवढाच शब्द असेल तर पैसे परत मिळणं कठीण.